डाव्या सीटसमोरचा खंडोबा

आमच्या गावात नवी गाडी आली की ती आधी माळावरच्या खंडोबाला जाते. चाकणच्या कंपन्या चहूबाजूंनी वाढल्या, काहींना जमिनींचे पैसे आले, काहींना पगार आले, आणि रविवारी माळावर गाड्यांची रांग लागू लागली. बहुतेक त्या उंच, नव्या घाटणीच्या. शोरूमवाले त्यांना क्रॉसओव्हर म्हणतात, गावात नुसतं ‘मोठी गाडी’ म्हणतात. पुजारी बॉनेटवर भंडारा उधळतो, चाकाखाली लिंबू चिरडतं, पोरं छताच्या खिडकीतून डोकी काढून फोटो काढतात. या सगळ्या गडबडीत पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा गाड्यांच्या डाव्या अंगाने फिरत असतो. वाकून आत बघतो. डॅशबोर्डवर काही ठेवलेलं दिसलं की बोटाने काचेवर टकटक करतो.

“भाऊ, तिथनं देव काढा. खाली एअरबॅग हाय.”

काही जण काढतात. बरेच जण हसतात.

“म्हातारबा, गाडीचा आज पहिला दिवस, आन् तुम्ही फुटायच्या-धडकायच्या गोष्टी करताय? शुभ बोला की राव!”

मध्यंतरी देवस्थानच्या एका पंचाने त्यांना दंडाला धरून कमानीबाहेर नेऊन सोडलं होतं. पुढच्या रविवारी ते परत आले.

हे नानासाहेब. सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांची स्वतःची मुलंसुद्धा. आमचं आणि त्यांचं अंगण एकच आहे, मध्ये फक्त तुळशीचा कट्टा. त्यांची मुलगी तेजस्विनी माझी लहानपणापासूनची मैत्रीण. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला मी बसले आहे.

नानांचं निम्मं आयुष्य टेम्पोत गेलं. गावचा कांदा चाकणच्या बाजारात न्यायचा. पुढे कांद्याचे मळे गेले आणि शेड उभ्या राहिल्या, तेव्हा त्याच टेम्पोतून कंपन्यांचे क्रेट न्यायचे. त्यांच्या हातून कधी कुणाला खरचटलंही नाही, आणि याचं श्रेय त्यांनी कधी स्वतःकडे घेतलं नाही. टेम्पोच्या पत्र्याच्या डॅशबोर्डवर, मधोमध, पितळेचा घोड्यावर बसलेला खंडोबा होता. मुठीत मावेल एवढाच, पण भरीव आणि जड. त्याला हात लावल्याशिवाय नाना चावी फिरवत नसत. शेजारच्या सीटवर त्यांची बायको मंजुळाबाई, कांद्याच्या पाटीवर पाय ठेवून. त्या उंचीने इतक्या कमी होत्या की सीटवर बसल्या तर पाय जमिनीला टेकायचे नाहीत. रोज सकाळी देवापुढे ताजं फूल ठेवायचं काम त्यांचं. खड्ड्यात गाडी आदळली की फूल त्यांच्या ओटीत पडायचं आणि त्या म्हणायच्या, “बघा, देवानं मला दिलं. तुमास्नी न्हाई.”

त्यांचा मुलगा शेखर एका कंपनीत सुपरवायझर झाला, आणि त्याने मोठी गाडी घेतली. तेव्हा मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते, म्हणून तो दिवस मला आठवतो. शोरूममध्ये केक कापला, मोठ्या आकाराची खोटी चावी हातात देऊन फोटो काढले. तिथल्या मुलाने फोन कसा जोडायचा, गाणी कशी लावायची, छत कसं उघडायचं ते सगळं दाखवलं. गाडीचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत कप्प्यात होतं. ते तसंच राहिलं. आमच्याकडे गाडीचं पुस्तक कुणी वाचत नाही. गाडी विकताना ते कोरं करकरीत निघतं आणि त्याचा अभिमान वाटतो.

जुन्या गाडीतला देव नव्या गाडीत न्यायचा, हा आमच्याकडचा रिवाज. नवा देव आणला तर जुना रुसतो म्हणतात. नानांनी टेम्पोतून खंडोबा सोडवून आणला, पण मधोमध त्याला जागाच नव्हती. तिथे टीव्हीएवढी स्क्रीन.

“हा सिनेमा कशाला लावलाय मधी?” नाना म्हणाले.

“नाना, तो मॅप आहे, रिव्हर्सचा कॅमेरा आहे,” शेखर म्हणाला. “देव उजवीकडे नको, मला समोरचं दिसणार नाही.”

“मंग कुठं ठिऊ?”

मंजुळाबाई डाव्या सीटवर बसून बघतच होत्या. त्यांच्या पुढ्यात डॅशबोर्ड सपाट, रुंद आणि मोकळा होता. “माझ्या म्होरं ठिवा की,” त्या म्हणाल्या. “ऐसपैस जागा हाय. त्यानं रस्त्याकडं बघावं, मी देवाकडं बघते.”

नानांनी ती जागा ओल्या फडक्याने पुसली, कोरड्या फडक्याने पुसली. नळाच्या जोडाला लावतात तो मळायचा मसाला दोन्ही तळव्यांत मळला आणि खंडोबा पक्का बसवला. “आता भूकंप झाला तरी हलायचा न्हाई,” ते म्हणाले. मंजुळाबाईंनी भंडारा वाहिला आणि पुढ्यात शेवंतीचं फूल ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर तळेगाव रस्त्यावर एक कंटेनर बिनदिव्याचा उभा होता. तिन्हीसांजेची वेळ. शेखरने ब्रेक दाबला, वेग बराच कमी झाला, तरी गाडी मागून जाऊन आदळली. शेखरच्या छातीला पट्ट्याचा वळ उठला, एवढंच. मंजुळाबाईंनीही पट्टा लावलेला होता. शेखरचा तसा हट्टच होता. तरी त्या शुद्धीवर आल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारल्या.

शेखरने जे बघितलं ते त्याने फक्त तेजस्विनीला सांगितलं. डावी एअरबॅग डॅशबोर्ड फाडून बाहेर आली, तेव्हा तिच्या झाकणावर खंडोबा होता. गाडी थांबली तेव्हा तो आईच्या ओटीत पडला होता. लागलं होतं ते कपाळाला, आणि दुसरीकडे कुठेच लागलेलं नव्हतं. नाना तिथे पोचायच्या आत शेखरने मूर्ती रुमालाने पुसली आणि खिशात घातली. गाडी परस्पर गॅरेजला गेली आणि तिथूनच विकली गेली. नानांना ती गाडी बघूही दिली नाही. वडिलांना सांगितलं, डोकं काचेवर आपटलं.

नानांनी विचारलं एकच. “देव कुठं हाय?”

शेखरने तो काढून दिला. नानांनी उलटसुलट करून बघितला. एक ओरखडा नव्हता.

“माझ्या पोराला राखलं ह्यानं,” ते जमलेल्या माणसांना सांगत राहिले. “तिचं भरलं हुतं, तिला न्यायचंच हुतं. पर पोराला राखलं.”

त्यानंतर तो खंडोबा देवघरात बसला. नाना रोज सकाळी त्याला चिंचेने घासायचे, भंडारा लावायचे, आणि मंजुळाबाई ठेवायच्या तसं एक फूल ठेवायचे. शेखर त्या वेळी घरात थांबत नसे. तो आता कंपनीच्या बसनेच जाई. कुणी गाडीत लिफ्ट दिली तरी मागे बसे.

डिप्लोमानंतर मला चाकणलाच नोकरी लागली. आमची कंपनी मोटारींचे डॅशबोर्ड बनवते, आणि मी क्वालिटीत आहे. डाव्या बाजूला एअरबॅगचं जे झाकण असतं, त्याला आतल्या अंगाने एक बारीक रेघ कोरलेली असते. पिशवी फुगली की डॅशबोर्ड बरोबर त्या रेघेवर फाटतो. रेघ जास्त खोल गेली तर झाकण उन्हानेच चिरतं, कमी गेली तर वेळेवर उघडत नाही. ती खोली तपासणं हे माझं काम. बाहेरून काहीच दिसत नाही. दिसू नये म्हणूनच एवढा खटाटोप असतो. बाहेरून दिसते ती फक्त सपाट, रुंद, मोकळी जागा.

गेल्या वर्षी तेजस्विनीच्या नवऱ्याने, जयदीपने, गाडी घेतली. राजगुरुनगरहून ती रविवारी नानांच्या दारात आणायची ठरली. आदल्या दिवशी तेजस्विनीचा मला फोन आला. आईचं सगळं तिने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. ते तिने जयदीपलाही सांगितलेलं नव्हतं.

“नाना म्हणतायत, शेखरला राखलं तसं तुम्हालाही राखील,” ती म्हणाली. “देव घासून ठेवलाय. मसाला आणून ठेवलाय. माझ्या समोर चिकटवणार आहेत, वर्षाली. आईसारखाच.”

“मग सांग ना त्यांना.”

“काय सांगू? तुम्ही रोज कुणाची पूजा करताय ते? ते नाही जगायचे गं. तू ये. तू त्याच कामाची आहेस. कंपनीतलं सांग, टेक्निकल सांग. तुझं ऐकतील. आईचं तेवढं काढू नकोस.”

मी गेले. मला वाटलं, नीट समजावून सांगितलं की झालं.

गाडी अंगणात उभी होती, बॉनेटवर खंडोबा आणून ठेवलेला. नाना उघड्या दारातून आत वाकून डॅशबोर्ड पुसत होते, ओल्या फडक्याने, मग कोरड्या. शेखर ओट्याच्या पायरीवर मान खाली घालून बसला होता. जयदीप बिचारा खुशीत होता.

“मामा, एवढं घासू नका, पॉलिश जाईल,” तो हसत म्हणाला.

“पाव्हणं, तुमी गाडी घेतलीसा, देवाची जागा मी बघतो,” नाना म्हणाले. मला बघून त्यांचं तोंड उजळलं. “या इंजिनेरीणबाई. बघा, जागा बरूबर हाय का.”

“नाना, तिथं नका ठेवू,” मी म्हटलं. “हे बघा, इथं अक्षरं आहेत. एअरबॅग लिहिलंय. हिच्याखाली पिशवी घडी घालून ठेवलेली असते.”

“ठाव हाय मला. टीव्हीवर बघितलंय. उशीगत फुगती.”

“उशीसारखी दिसते, पण उशीसारखी येत नाही. तुम्ही विहिरीला सुरुंग लावले होते ना? तसा आत छोटा बार असतो. गाडी धडकली की पापणी लवायच्या आत तो उडतो. आमच्याकडे चाचणीत कॅमेरा लावून हळू करून बघावं लागतं, नुसत्या डोळ्याला कळतच नाही. त्या जोरात हे झाकण उघडतं.”

नानांचा हात डॅशबोर्डवर तसाच थांबला. सुरुंग त्यांना ठाऊक होता. मला बरं वाटलं, त्यांना समजतंय म्हणून. मी पुढे बोलत राहिले. सीटला जाड कव्हर घालू नका, बाजूची एअरबॅग त्यात अडकते. पट्ट्याची पीं-पीं बंद करायला बाजारात खोटी क्लिप मिळते, ती घेऊ नका. पट्टा नसेल तर हीच पिशवी माणसाला मारते. लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसू नका. पाय वर घेऊन डॅशबोर्डला लावू नका.

नानांनी त्यातलं काही ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

“आन् झाकणावर काय ठिवलं असंल तर?”

“ते उडतं.”

“दगूड उडतो तसं.”

“हो.”

“कुठल्या अंगाला? वर, का म्हागं?”

मी तेजस्विनीकडे बघितलं. ती मान हलवून नको नको करत होती. पण प्रश्न साधा होता, आणि माझ्या तोंडून उत्तर गेलं होतं.

“सीटकडं.”

नाना वळले. त्यांनी डाव्या सीटकडे बघितलं, मग परत डॅशबोर्डकडे, अंतर मोजावं तसं.

“शेखरच्या गाडीत बी इथंच असंल का ही पिशवी?”

“गाड्या वेगवेगळ्या असतात नाना,” मी म्हटलं. “प्रत्येकीचं...”

“अहो मामा, सगळ्याच नव्या गाड्यांत असते,” जयदीप म्हणाला. त्याला वाटलं, सासऱ्यांना माहिती हवीय. “ड्रायव्हरला स्टिअरिंगमध्ये आणि शेजारच्याला तिथंच.”

जयदीपला काहीतरी चुकलंय हे कळलं, काय ते कळलं नाही. त्याने बायकोकडे बघितलं. तेजस्विनीने पदर तोंडात धरला होता.

“माणूस ठेंगणं असंल,” नाना हळू म्हणाले, “तर कुठं लागतंय ते?”



त्यांनी बॉनेटवरचा खंडोबा उचलला आणि पालथा केला. बैठकीच्या खाली जुना मसाला वाळून दगड झाला होता, आणि त्याला राखी रंगाची चामड्यासारखी एक पातळ कातडी चिकटलेली होती. रोज चिंचेने घासताना ती त्यांच्या बोटांना लागत असणार. त्यांनी ती मसाल्याचाच भाग समजली असणार. आता त्यांनी ती डॅशबोर्डजवळ नेली. गाडी वेगळी, कंपनी वेगळी. पण कातडी तशीच होती, तशीच बारीक खडबडीत. शेखरच्या गाडीचा डॅशबोर्ड फाटला, पण नानांनी मळलेला मसाला सुटला नव्हता.

“ह्याला पुसला कुणी?” त्यांनी विचारलं.

“मी,” पायरीवरून शेखर म्हणाला. “नाना, मी... तुम्हाला कसं...”

“बरं केलंस.”

एवढंच. शेखरजवळ जाऊन त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शेखरचे खांदे हलत होते. आई गेली त्या दिवसापासून तो कुणासमोर रडला नव्हता.

तेजस्विनी म्हणाली, “नाना, आईनंच म्हटलं होतं, माझ्या म्होरं ठेवा. तुम्ही काय...”

“तिला ठाव न्हवतं.”

“तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?”

“गाडीच्या पुस्तकात असंल की लिवल्यालं.” ते माझ्याकडे वळले. “असतंय का गं?”

“असतं नाना,” मी म्हटलं. “चित्रासकट.”

“शेखरला वाचता येतंय. मी बी चौथी शिकलोय.” मग हातातल्या देवाकडे बघून म्हणाले, “ह्याचा काय दोष? ह्याला जागा मी दिली.”

ते आत गेले. आम्हाला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. पण ताट घेऊन आले. गाडीची पूजा केली, बोटाने बॉनेटवर भंडाऱ्याची रेघ ओढली, नारळ जयदीपच्या हातून फोडून घेतला. जयदीपने पुढच्या काचेवर हार लावायला घेतला, तेव्हा त्यांनी मला विचारलं, “हे चालतंय का?” तिथे वर आपोआप ब्रेक लावणारा कॅमेरा असतो, तो झाकला तर गाडीला समोरचं दिसत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी हार काढून घराच्या दाराच्या चौकटीला लावला.

मग तेजस्विनीला डाव्या सीटवर बसवलं. पट्टा त्यांनी स्वतः लावला आणि ओढून बघितला. ती आईपेक्षा उंच आहे, तरी त्यांनी सीट मागे सरकवायला लावली. “अजून म्हागं. अजून.” तिच्या समोरच्या सपाट डॅशबोर्डवरून एकदा तळवा फिरवला.

“हितं कायबी ठिवायचं न्हाई. फूलसुदिक न्हाई.”

गाडी गल्लीतून वळेपर्यंत ते उभे होते. नंतर शेखरच्या शेजारी पायरीवर बसले. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही. माझ्या आईने भाकरी नेऊन दिली, ती तशीच झाकलेली राहिली.

खंडोबा अजून देवघरात आहे. नाना पूजा करतात, पण त्याला चिंचेने घासत नाहीत. पितळ काळं पडत चाललंय. राखी कातडी मी कारखान्यातल्या एका द्रावणाने सहज काढून दिली असती. मी तसं म्हणालेही.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “तिच्या म्होरं हुती ती.”

आणि रविवारी ते माळावर जातात. लोकांना मंजुळाबाईंची गोष्ट सांगत नाहीत. मी एकदा म्हटलं, ती सांगितली तर लोक लगेच ऐकतील. ते म्हणाले, “तिचं नाव असं दारोदार कशाला?”

मागच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले होते. एक नवी कोरी पांढरी गाडी आली. डाव्या सीटवर एक ठेंगणीशी बाई, नाकात नथ, पुढ्यात डॅशबोर्डवर चिकटवलेला पितळेचा गणपती. नानांनी काचेवर टकटक केली. गाडीवाला आधी वैतागला. “बाबा, कॉलेजात शिकलोय मी. त्या पिशव्या काय रोज फुटतात का?”

बाईने मात्र काच खाली केली. “का हो? काय होतं तिथं ठेवलं तर?”

“ते तुमच्याकडं येतंय,” नाना म्हणाले. “धडक बसली की.”

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

नानांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली.

“आमच्या मंडळींनी.”

तिला काय समजलं, कुणास ठाऊक. तिने पुढे विचारलं नाही. दोन्ही हातांनी गणपती हलवून हलवून सोडवला, कपाळाला लावला आणि मांडीवर घेतला. नवरा “अगं, अगं” म्हणत राहिला.

“मांडीवर बी नको, बाई,” नाना म्हणाले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्यापुढे धरला. “ह्यात गुंडाळा. म्हागं डिकीत ठिवा. घरी गेल्यावर देवघरात.”